झिंगाट : वाजवणाऱ्याच्या बाजूनं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. डॉक्टर बोलले, वकीलसाहेब बोलले, कारखान्यातले केमिस्ट बोलले. आता माझी पाळी. माझा धंदा काय ते सांगायची गरज नाही, कारण इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या लग्नात मीच वाजवलंय. हसू नका, काहींची बिलं अजून यायची आहेत.

आमच्या घरात हलगी पिढ्यानपिढ्यांची. आजोबा हलगी वाजवायचे. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, बँड पार्टी काढली. मी बेंजो आणला, मग जनरेटरची गाडी, मग साउंड सिस्टीम आणि मंडप. सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत आपल्या लेझीमच्या पुढं जो माणूस हलगी वाजवत चालायचा, ते आमचे अण्णा. तेव्हा मी रांगेत मान खाली घालून लेझीम खेळायचो. आज ही गोष्ट मान वर करून सांगतो.

तर तीस वर्षं मी वराती बघतोय. तुम्ही त्या घोड्याच्या बाजूनं बघता, मी वाजवणाऱ्याच्या बाजूनं बघतो. म्हणून ठरवलं की आज एका गाण्याबद्दल बोलायचं. ते गाणं मी किती वेळा वाजवलं याचा हिशेब नाही. ‘झिंगाट’.

आधी थोडं, पूर्वी गाणं आमच्यापर्यंत कसं यायचं त्याबद्दल. सिनेमा तालुक्याला लागायचा, कॅसेट बाजारात यायची. अण्णा कॅसेट आणून टेपसमोर बसायचे. थोडं ऐकायचं, बंद करायचं, मागं घ्यायचं, परत ऐकायचं. वहीत सारेगम लिहायचं. ट्रंपेटवाल्याला एक ओळ, क्लॅरनेटवाल्याला दुसरी. एक गाणं बसवायला दोन-तीन रात्री जायच्या. तोवर लग्नसराईचे दोन-चार मुहूर्त निघून जायचे. गाणं गाजलं की नाही हे अण्णा रेडिओवरून ठरवत नसत. ते म्हणायचे, वरातीत पाव्हण्यानं खिशातली नोट काढून ओवाळली की गाणं पास.

‘झिंगाट’ तसं आलं नाही. ते 2016 च्या उन्हाळ्यात आलं, आणि तो उन्हाळा आठवा. मांजरा धरण, आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं, कोरडं पडलं होतं. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली पाण्याची गाडी लातुरात पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आपल्या गावागावांत टँकर, जनावरं छावणीत. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली, पण हाताला काम नाही. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, काहींनी वरात रद्द केली. माझी डायरी त्या साली पातळ होती.

आणि त्याच दिवसांत पोरांच्या मोबाइलवर हे गाणं वाजायला लागलं. सिनेमा यायच्या आधीच गाणी आली होती. 29 एप्रिलला ‘सैराट’ लागला. नंतर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. थिएटरात पडद्यापुढं पोरं नाचली. काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींच्या पुढं गेलेला पहिला मराठी सिनेमा तो. माझ्याकडं मे महिन्यात जी काही लग्नं होती, त्यांत एकानंही विचारलं नाही की कोणतं गाणं लावायचं. फक्त विचारायचे, किती वेळा लावणार.

मला स्वतःला प्रश्न पडला होता, पाणी नाही, पैसा नाही आणि माणसं एवढी नाचतात कशी? माझ्या गाडीवर जनरेटर सांभाळणारा एक म्हातारा मामा होता. तो म्हणाला, बाबा, नाचायला पाणी लागत नाही. त्याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता गाणं बनवलं कोणी? अजय आणि अतुल गोगावले, दोघं भाऊ. वडील महसूल खात्यात, बदलीची नोकरी. पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांतून ही मुलं वाढली. घरात संगीताची परंपरा नाही, वाद्यं विकत घ्यायची ऐपत नाही. ‘जोगवा’च्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘नटरंग’ गाजला, हिंदीत ‘अग्निपथ’ केला. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी त्यांनी अमेरिकेत जाऊन, हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत, पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्या ठिकाणी असं काम करणारा हा पहिला भारतीय सिनेमा. इतका मोठा वाद्यवृंद हाताशी असताना ‘झिंगाट’मध्ये त्यांनी काय केलं? आपल्या गल्लीतला वरातीचा ठेका घेतला. शब्दही त्यांचेच आणि गळाही दोघा भावांचाच.

मी वाजवणारा आहे, शास्त्र शिकलेलो नाही. पण हे गाणं चालतं का, ते मला गाडीच्या पाठीवर उभं राहून दिसलं. एक तर त्यात शिकायला काही नाही. मुखड्यात एकच शब्द ठोकून ठोकून येतो. ज्याला बाकी एक ओळ येत नाही, तोसुद्धा त्या जागेवर बरोबर येऊन ओरडतो. दुसरं, ते गाणं दमलेल्या माणसाला सांभाळून घेतं. मध्ये श्वास घ्यायला जागा आहे, आणि श्वास घेतला की परत उचलतं. वरातीत सात वर्षांचा पोरगा आणि सत्तर वर्षांचा आजोबा एकाच गाण्यावर नाचले, असं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तिसरं, आमच्या उरलेल्या बँडवाल्यांनीही ते एका दिवसात बसवलं. ट्रंपेटवर ती धून अशी बसते, जणू ती मुळात ट्रंपेटवरूनच निघाली असावी. अण्णा तेव्हा हयात होते. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “हे आपलंच आहे की. फक्त धुऊन, इस्त्री करून आणलंय.”

आणि चौथी गोष्ट भाषेची. इथं मराठीच्या बाई बसल्यात, त्यांची माफी मागून बोलतो. आपण ‘पानी’ म्हणालो की बाई ‘पाणी’ म्हणायला लावायच्या. घरी जे बोलायचो ते वहीत लिहिलं की लाल खूण. त्यात बाईंचं काही चुकलं नाही, त्यामुळंच आज मी तुमच्यासमोर दोन वाक्यं नीट बोलतोय. पण मनात एक गाठ बसली होती की आपलं बोलणं हे बोलायचं, मिरवायचं नाही. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळ्याजवळच्या जेऊरचे. आपल्या आष्टीतून जामखेडवरून खाली उतरलं की करमाळा. त्यांच्या सिनेमातली माणसं आपल्यासारखी बोलतात, आणि ‘झिंगाट’ आपल्यासारखं बोलतं. पुण्या-मुंबईच्या लग्नांत, जिथं आमच्या बोलीवर नकला व्हायच्या, तिथं सूट घातलेली माणसं ती बोली तोंडपाठ म्हणून नाचायला लागली. पुण्यात आयटीत असलेला आपला एक वर्गमित्र मला फोनवर म्हणाला, “यार, ऑफिसात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुमच्याकडं खरंच असं बोलतात का, आणि त्यात हसणं नव्हतं.” तो इथंच बसलाय, नाव सांगत नाही.

आणखी एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडं वरातीत बायका मागं चालायच्या, डोक्यावर पदर, हातात ताट. मुली तर मंडपाच्या कडेला. त्या उन्हाळ्यात करवल्या पुढं आल्या. थेट गाडीच्या समोर. सिनेमातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. ती भूमिका करणारी अकलूजची रिंकू राजगुरू त्या वेळी शाळकरी पोरगी, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालेला. आमच्या मुलींना तिच्यात काहीतरी दिसलं. पहिल्या एक-दोन लग्नांत मामा-काकांनी डोळे वटारले. महिन्याभरात डोळे वटारायचं बंद झालं. गाणं असं करू शकतं, हे मी बघितलंय.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जे बोलायला उभा राहिलोय ते बोलतो.

‘झिंगाट’ सिनेमात कुठं येतं, आठवतंय? आर्ची पाटलाची मुलगी. परश्या मासे पकडणाऱ्याच्या घरातला. आर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा, वाढदिवस आहे. बापाचं राजकारण मोठं, कार्यक्रम मोठा. त्या कार्यक्रमात परश्या आणि त्याचे मित्र बेभान नाचतात. तेच हे गाणं. त्याच रात्री दोघं सापडतात आणि मग मार सुरू होतो. म्हणजे त्या अंगणात या पोरांना नाचायची परवानगी होती, पुढं पाऊल टाकायची नव्हती. आणि सिनेमाच्या शेवटी, कित्येक वर्षांनी, हैदराबादेत संसार थाटलेल्या त्या दोघांच्या दारात माहेरच्या भेटवस्तू घेऊन कोण येतं? ज्याच्या वाढदिवसाला हे गाणं वाजलं तोच भाऊ. पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ते लहान लेकरू बाहेर येतं तेव्हा सिनेमात कसलाही आवाज नाही. संगीत नाही, रडणं नाही, काही नाही. आम्ही आवाज विकणारी माणसं. इतकी गाजलेली गाणी असलेल्या सिनेमाचा शेवट मुका ठेवायला काय लागत असेल, ते मला धंद्यामुळं जास्त कळतं.

आपण सगळ्यांनी गाणं घरी आणलं. शेवट थिएटरात ठेवून आलो.

मी तक्रार करत नाही. माझं घर या गाण्यावर चाललंय, थोरल्या मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष याच गाण्यानं भरलं. पण गाडीवर उभं राहिलं की जे दिसतं ते सांगतो. एका गावात, नाव घेत नाही, एकाच दिवशी दोन लग्नं होती. दोन्ही ऑर्डरी माझ्याकडं. दुपारची वरात वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत दीड तास चालली. ‘झिंगाट’ पाच वेळा झालं. संध्याकाळची वरात वस्तीवरची होती. तीच गाडी, तेच स्पीकर, तेच गाणं. देवळाच्या अलीकडं चार-पाच जण आले आणि म्हणाले, आवाज बंद करून पुढं काढा. रात्रीचे दहा वाजले नव्हते. दहानंतर वाजवायचं नाही हा कायदा मला पाठ आहे, सगळ्यांत जास्त तोच ऐकून घेतलाय. तेव्हा सव्वासात झाले होते. नवरदेवाच्या बापानं माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले. मी आवाज बंद केला. देवळापुढून वरात पायांच्या आवाजात गेली. मघाच्या वरातीत सगळ्यांत पुढं नाचलेला एक पोरगा त्या चौघा-पाचांत होता. त्याच्या अंगावर अजून गुलाल होता.

त्या पोराला मी दोष देऊन काय करू? त्याच्या डोक्यात दोन कप्पे आहेत. एकात गाणं आहे, दुसऱ्यात गाव आहे. मधली भिंत त्यानं बांधलेली नाही, त्याला ती बांधून मिळालीय.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. गाणं पुढं कानडीत गेलं, 2017 च्या ‘मनसु मल्लिगे’त, तिथंही रिंकूच होती आणि संगीत अजय-अतुलचंच. 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’ आला. चाल तीच, ‘झिंगाट’ हा शब्दसुद्धा तोच ठेवला. पण गोष्ट उदयपूरच्या मोठ्या घरात गेली आणि जातीचा विषय पुसट झाला. तेव्हा समीक्षकांनी त्यावर पुष्कळ लिहिलं. मला वाटलं, आमच्या वरातीनं जे दोन वर्षं केलं, तेच मुंबईनं केलं. ठेका घेतला, बाकीचं खाली ठेवलं.

माझ्या ऑर्डरच्या डायऱ्या मी जपून ठेवल्यात. त्यात वधू-वरांची आडनावं असतात. तीस वर्षांत दोन वेगळ्या जातींची आडनावं एका पानावर किती वेळा आली? एका हाताची बोटं पुरतात. त्यातली बहुतेक लग्नं पुण्या-संभाजीनगरात झाली, इथं फक्त जेवण झालं. एक जोडपं मात्र इथलंच. रजिस्टर लग्न केलं. शासनाकडून आंतरजातीय लग्नाला पन्नास हजार मिळतात, त्याचा अर्जही त्या पोरानं स्वतः भरला, हुशार पोरगा. पंधरा-वीस माणसांचं जेवण होतं, माझ्याकडं फक्त मंडप आणि खुर्च्यांची ऑर्डर. मी म्हणालो, एक छोटा स्पीकर फुकट लावतो, पोरांना नाचू दे. तो पोरगा म्हणाला, “काका, नको. आवाज नको.” मुलीनं मान हलवली. तिच्याकडचं कुणी आलेलं नव्हतं, आणि कुणी येऊ नये अशीच त्यांची इच्छा होती.

ज्या गाण्यातलं पोरगं आणि पोरगी या दोघांसारखी होती, ते गाणं त्या दोघांच्याच लग्नात वाजू शकलं नाही. बाकी सगळ्यांच्या लग्नात वाजलं.

अण्णांच्या काळात वाजवणाऱ्यांची पंगत शेवटी बसायची, मंडपाच्या बाहेर. मी लहान असताना त्या पंगतीला बसलोय. आता कोणी बाहेर बसवत नाही, आता बुफे आहे, आणि ताट हातात घेतलं की सगळे सारखे. हा बदल भाषणांनी झाला, कायद्यानं झाला, शिक्षणानं झाला, थोडा केटरिंगवाल्यांनीही केला. म्हणजे बदल होतो. गाण्यानं मुली पुढं आल्या, बोली पुढं आली. एवढं एका उन्हाळ्यात झालं, तर उरलेलं होणारच नाही असं मी मानत नाही. मात्र ते गाणं करणार नाही. गाण्याचं काम पाय उचलायला लावणं, पाऊल कुठं टाकायचं ते आपण ठरवायचं.

मित्रांनो, आपली बॅच आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची झाली. आपली लेकरं पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत शिकतात, नोकऱ्या करतात. येत्या पाच-सात वर्षांत यांतल्या पुष्कळ घरांत एक दिवस मुलगी किंवा मुलगा समोर येऊन बसेल आणि एक नाव सांगेल. नाव ऐकल्यावर आपण सगळे पहिल्यांदा आडनाव विचारू. मीही विचारेन, मी काही वेगळ्या मातीचा नाही. पण आडनाव ऐकल्यावर लगेच उठून जाऊ नका. पोरीला पाणी द्या, पोरगा काय करतो ते विचारा, त्याला घरी बोलवा, त्याच्या आईबापाला भेटा. सिनेमातल्या तात्यानं यातलं एकही केलं नाही.

आणि तसं लग्न ठरलं तर मला एक फोन करा. नंबर या स्मरणिकेच्या यादीत आहे. मंडपाचे पैसे घेईन, खुर्च्यांचे घेईन, कारण उधारीत माझा हात भाजलेला आहे. वरातीचा आवाज माझ्याकडून. वेशीपासून निघू, देवळापुढून जाऊ, आणि दहाच्या आत संपवू.

सर, दहा मिनिटांची पंधरा झाली. लेझीमच्या वेळीही अण्णा असेच थांबायचे नाहीत, तुम्ही हात वर केल्यावर थांबायचे. तुम्ही आत्ता हात वर केलाय, म्हणून थांबतो.